वानवळ्यातला पारा

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात एक मुलामेवाला राहत असे. देवळांच्या कळसांवर तो सोन्याचा मुलामा चढवायचा. सोनं पाऱ्यात कालवायचं, कळसाला लेप द्यायचा आणि तापवायचं. पारा उडून जाई, सोनं मागे राही. माणूस भारी टापटिपीचा. अंगणात वाळकं पान पडलेलं त्याला खपत नसे. म्हणून काम संपलं की पाऱ्याचं सगळं धोवण तो मागच्या दाराने खाडीत ओतून यायचा. झालं घर स्वच्छ!

त्याच्या बापाचे हात म्हातारपणी थरथरायचे, चालताना झोक जायचा. पाऱ्याची वाफ बाधली होती. तेव्हापासून मुलामेवाला वाऱ्याकडे पाठ करून काम करी. धोवणाचं मात्र त्याला काहीच वाटत नसे. "खाडी केवढी, आणि माझं धोवण केवढं!" असं तो म्हणायचा.

खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, राहायच्या. दोन शिंपांच्या आत बसून त्या दिवसभर पाणी ओढत, त्यातलं बारीक शेवाळ खात आणि पाणी परत सोडून देत. पाणी जायचं, पारा अंगात राहायचा. ओहोटीला बायका त्या वेचून आणत आणि सारं गाव मिटक्या मारत खाई.

मुलामेवाल्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गावची रीत अशी, की अशा लेकीला घरोघरून तिसऱ्यांचा वानवळा जायचा. कुणी वाटीभर देई, कुणी ओंजळभर. त्यात ही आईविना वाढलेली पोर, म्हणून गावाने जरा जास्तच लाड केले. ती रोज पोटभर खाऊ लागली. शिंपांना चिकटलेलं घरची मांजर चाटूनपुसून खाई.

एका दुपारी मांजर उंबऱ्यावर धडकली. उठली, गोल गोल फिरली आणि पुन्हा पडली. तिचे पाय थरथरत होते. मुलामेवाला तिच्याजवळ उकिडवा बसला. ही थरथर त्याच्या ओळखीची होती.

मग त्याला चैन पडेना. मागच्या दारी जाई, खाडीकडे बघे, परत येई. शेवटी त्याने वानवळ्याच्या तिसऱ्या विहिरीच्या पाण्यात टाकल्या. पाणी बदललं, पुन्हा बदललं.

वानवळा घेऊन आलेली शेजारची म्हातारी म्हणाली, "अरे, किती भिजवशील? वाळू कधीच ओकल्या त्या."

"वाळूचं नाही गं, मावशी. आणखी काही आत असलं तर?"

"अंगात मुरलेलं कसं ओकतील? ते त्यांचं अंगच झालं की," असं म्हणून म्हातारी निघून गेली.

मुलामेवाल्याने लेकीला सांगितलं, "आजपासून तिसऱ्या बंद. बाळंतपणात सोसत नाहीत."

लेक हिरमुसली. "मग वाया कशाला घालवायच्या, बाबा? पलीकडच्या वहिनीला देऊन येते. तिलाही दिवस गेलेत." आणि टोपली घेऊन ती चालूही लागली.

बाप मनाशी हिशेब करू लागला. बोललं तर गाव तोंडात शेण घालणार, धंदा बसणार. गप्प राहिलं तर कुणाला कळणारही नाही, आणि आपली लेक तर वाचलीच. तो दारात आला, आत गेला, परत दारात आला. लेकीने पलीकडच्या घराची कडी वाजवली, तसा तो धावत सुटला आणि तिच्या हातातली टोपली त्याने हिसकावून घेतली.

"बाय, यात पारा आहे. मीच ओतलाय."

लेकीचा हात आपसूक पोटावर गेला. "बाबा," ती हळूच म्हणाली, "मी आले तेव्हापासून रोज खातेय."

ज्या ज्या घरातून वानवळा आला होता, त्या प्रत्येक दारात जाऊन मुलामेवाल्याने खरं सांगितलं. कुणी शिव्या घातल्या, कुणी रडलं. तिसऱ्या वेचणं थांबलं, त्याची भट्टीही विझली. पण खाडीतला पारा काही परत निघाला नाही.

लेकीला मुलगी झाली. सगळे म्हणत, छान आहे, गुटगुटीत आहे. पण भुकेने रडताना तिची मूठ हलली की आजोबा हातातला घास टाकून उठायचा. ती इवलीशी मूठ आपल्या तळहातावर घेऊन तो बघत बसायचा, की ही थरथर भुकेची आहे, की पाऱ्याची.

तात्पर्य: "एवढ्याशाने काय होतंय" म्हणून आपण जे पाण्यात टाकतो, ते कुठेही जात नाही. ते साठत राहतं आणि कुणाच्या तरी ताटात येतं. ते ताट कुणाचं, हे आपल्या हातात नसतं.