हंड्यावरचा हात

"पण बुवा, या बहिरेपणाला औषध काय?"

"कुणाच्या?" मार्तंडबुवा तांबट ठोके न थांबवता म्हणाले.

ऐंशीचे गृहस्थ. तांब्याचा हंडा घडवता घडवता चार शब्द बोलत, ते ऐकायला लांबून माणसं येत. मी भांड्यांचा व्यापारी. गेलो होतो माल न्यायला, बसलो ऐकत.

विचारणारे होते डॉक्टर नेर्लेकर. साखरेच्या आजाराचे मोठे जाणकार. आणि आपण मोठे, हेही त्यांना चांगलंच ठाऊक.

"पेशींच्या," डॉक्टर म्हणाले. "इन्सुलिन स्नायूला सांगतं, साखर आत घे. निरोप दारापर्यंत पोचतो. आत हातोहात पुढे जायचा, तो मध्येच अडतो. साखर राहते रक्तात, स्नायू उपाशी."

"आणि चरबी?"

"तिला इन्सुलिन सांगतं, साठा सांभाळ. तीही ऐकेनाशी होते. साठा रक्तात सांडतो, आणि तोच स्नायूंत शिरून त्यांना आणखी बहिरं करतो."

"मग शरीर काय करतं?"

"जास्त इन्सुलिन सोडतं. आणखी जास्त…"

"म्हणजे ओरडतं."

"हो. आणि एक दिवस थकतं."

डॉक्टर घुटमळले. मग आवाज खाली आला.

"माझ्या लेकीचं, मैत्रेयीचं हेच झालंय. चोवीस वर्षांची आहे. रोज सांगायचो, चालायला जा, वजन बघ, भात कमी कर. घर सोडून गेली. चार महिने फोन उचलत नाही. तुम्हाला मानते ती. तुम्ही सांगा."

बुवांनी ठोके वाढवले.

"म्हटलं, तुम्ही सांगा तिला!"

ठण्… ठण्… ठण्…

"बुवा! ऐकताय का?"

समोरच्या दुकानातून दोन गिऱ्हाइकं डोकावली. बुवांची मान वर होईना. शेवटी वैतागून डॉक्टरांनी हंड्यावरच पंजा दाबला.

नाद मेला. बुवांनी वर पाहिलं.

"हां, बोला. आमच्या आळीत हाक मारत नाहीत, डॉक्टरसाहेब. कान सगळ्यांचेच गेलेले. जेवायला बोलवायचं तरी आमची मंडळी येऊन असा हात ठेवते."

"थट्टा करताय. मी बाप आहे तिचा. काळजीपोटीच…"

"तिचं खाणं कधीपासून वाढलं?"

"तिची आई गेली तेव्हापासून."

"लेकीपुढे रडलात कधी?"

"छे! मीच खचलो असतो तर तिनं कुणाकडे बघायचं? तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला मी."

बुवांनी हातोडी खाली ठेवली. डॉक्टरांचा हात तांब्यावर तसाच होता.

"मग पोरीला वाटणारच," बुवा हळू म्हणाले, "त्या घरातलं माणूस गेलं, ते तिचं एकटीचंच."