जांभळ्या पेल्यातला कांदा

एकदा एका मधाच्या व्यापाऱ्याला काचेचा नाद लागला. नाद कोणाला नसतो? कोणी कबुतरं पाळतो, कोणी दर निवडणुकीला उभा राहतो. पण या गृहस्थाचा नाद जरा निराळा होता, म्हणून तो आधी नीट समजून घेतला पाहिजे.

तो ज्या डोंगरगावी राहत होता, तिथे पूर्वी साहेबलोक हवा खायला येत. त्यांच्या मडमा हिवाळ्यात खिडकीत एक खास पेला ठेवीत. वर वाटीसारखं तोंड, मध्ये बारीक कंबर, खाली पाणी भरायला गोल पोट. तोंडात विलायती फुलाचा कंद बसवायचा. कंद वर कोरडा राहतो, कमरेतून मुळं तेवढी पाण्यात उतरतात आणि मातीचा कण नसताना, घरातल्या घरात, भर थंडीत फूल येतं. पुढे साहेब गेले, बंगले विकले गेले, पेले बाजारात आले. गावकऱ्यांनी त्यांचा आपापल्या बुद्धीप्रमाणे उपयोग केला. कोणी त्यात वाती ठेवल्या, कोणी बडीशेप, आणि निवृत्त पोस्टमास्तरांनी आपली कवळी.

व्यापाऱ्याने हे पेले जमवायला सुरुवात केली. तो त्यांना पेले म्हणत नसे. पेला म्हटलं की कोणीही त्यात ताक ओतायला बघतं. त्याने त्यांचं ‘कंदपात्र’ असं नामकरण केलं. निळी, हिरवी, मधाच्या रंगाची कंदपात्रं बैठकीच्या चारही भिंतींवर चढली. त्यांचा राजा होता एक जांभळा पेला. वांग्यासारखा गडद, कुठे टवका नाही, आणि मुख्य म्हणजे पोटात एकही रेघ नाही.

या रेघेवर सारं अवलंबून असे. पेल्यात पाणी राहिलं की काचेवर क्षाराची पांढरी रेघ उमटते. जाणकार संग्राहक पेला आधी उजेडात धरतो आणि रेघ दिसली की नाक मुरडतो. त्यामुळे व्यापाऱ्याने आपल्या एकाही कंदपात्रात पाण्याचा थेंब पडू दिला नव्हता. कंदाची तर बातच सोडा.

आता असला संग्रह ज्या घरात असतो, तिथे माणसांनी कसं राहायचं? वाऱ्याने पेले हलतात म्हणून खिडक्या कायमच्या बंद झाल्या. कुकरच्या शिट्टीने फळ्या थरथरतात म्हणून डाळ पुन्हा पातेल्यात शिजू लागली. शिंक आली तर मागच्या अंगणात जाऊन द्यायची, असा दंडक होता. व्यापाऱ्याची पत्नी सगुणाबाई हे सगळं सोशीत होती. एक गोष्ट मात्र तिला सोसवत नव्हती. संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्या घरी कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ती दरवर्षी दुसऱ्यांच्या घरी जाई, तिळगूळ खाई, वाण घेऊन येई आणि परत कोणाला काही देत नसे. गावात आता बायका तिच्याकडे बघून हसत, आणि त्या हसण्यात तिळगुळाचा गोडवा नसे.

दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना तिने तबक खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, “यंदा हळदीकुंकू माझ्या घरी व्हायला हवं. नाही झालं तर मी संक्रांतीला ताईकडे जाईन आणि तिथे करीन. मग परत यायचं की नाही, ते तिथेच ठरवीन.”

“अगं, पण बायका येणार! त्यांचे पदर, त्यांच्या पर्सा, त्यांची पोरं!” व्यापारी कळवळला. “आणि तुम्ही त्याला म्हणता काय, तर वाण लुटणं! लुटणं म्हणजे काय असतं, माहीत आहे ना?”

“माहीत कसं असेल? माझ्या घरी कधी झालंय का?” एवढं बोलून सगुणाबाई आत गेली. त्या दिवसापासून तिची ट्रंक माळ्यावरून खाली आली आणि पलंगाशेजारी उघडी राहिली. रोज तिच्यात एखादी घडी केलेली साडी पडू लागली. व्यापारी वरवर रागावला, पण आतून घाबरला. पेला फुटला तर दुसरा मिळतो. सगुणाबाई कुठल्या बाजारात मिळणार होती?

गावाबाहेरच्या मठीत एक वृद्ध गुरुजी राहत. व्यापारी दर गुरुवारी त्यांच्या प्रवचनाला जाई, पहिल्या ओळीत बसे आणि योग्य ठिकाणी मान डोलवी. तो गुरुजींकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, “गुरुजी, माझ्या पत्नीला हळदीकुंकवाची आसक्ती जडली आहे. आपण येऊन तिला वैराग्याचे चार शब्द सांगावेत.”

गुरुजींनी पोथी मिटली. मग म्हणाले, “येतो. आसक्ती घरी जाऊनच बघावी लागते.”

गुरुजी आले. व्यापाऱ्याने त्यांना एकेक कंदपात्र दाखवलं, त्याची कुळकथा सांगितली. शेवटी जांभळा पेला दोन्ही हातांनी खाली उतरवून त्यांच्यापुढे ठेवला.

“छान आहे,” गुरुजी म्हणाले. “यात काय उगवतं?”

“काहीच नाही, गुरुजी,” व्यापारी अभिमानाने म्हणाला. “उगवलं की खराब होतात.”

गुरुजींनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, “सगुणाबाई, एक कांदा आणता का? चांगला टणक बघून आणा.”

सगुणाबाई कांदा घेऊन आली. व्यापाऱ्याला वाटलं, गुरुजींना भाकरीबरोबर हवा असेल. तो पाट मांडायला उठतो आहे तोच गुरुजींनी आपल्या तांब्यातलं पाणी जांभळ्या पेल्यात ओतलं आणि वर कांदा बसवला. मूळ खाली, शेंडा वर. कांदा त्या तोंडात असा चपखल बसला, जणू मडमेने मापच दिलं होतं.

 “गुरुजी... रेघ...” एवढंच व्यापारी म्हणाला आणि भिंतीला टेकला.

“आजवर तुझ्याकडून मी गुरुदक्षिणा घेतली नाही,” गुरुजी म्हणाले. “आज मागतो. या कांद्याची सेवा कर. पाणी बदलत जा, उजेड दाखव. मी परत येईपर्यंत हा इथून हलता कामा नये. आणि सगुणाबाई, तुम्ही संक्रांतीपर्यंत थांबा. ट्रंक उघडीच राहू दे.”

वैराग्याचा एक शब्दही न सांगता गुरुजी निघून गेले.

पुढचे काही दिवस व्यापाऱ्याने सुतकात काढावे तसे काढले. गुरूची आज्ञा, मोडता येत नाही. जांभळ्या पेल्यावर कांदा, बघवत नाही. पाणी बदलताना तो तोंड फिरवून बदलत असे. उजेड दाखवायचा म्हणून त्याने खिडकीची एक झडप उघडली. किती वर्षांनी उघडली कोण जाणे, बिजागरी चांगलीच किंचाळली. सकाळचं ऊन आत आलं, पेल्यातून आरपार गेलं आणि जमिनीवर जांभळा डाग पडला. व्यापारी दचकला. त्याने आधी फडका आणून तो पुसायला घेतला. मग लक्षात आलं आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. हा रंग आपल्या घरात इतकी वर्षं होता आणि आपण तो कधी पडलेला पाहिला नाही, याचं त्याला खरोखर वाईट वाटलं.

एके सकाळी कांद्याच्या बुडाला पांढरे ठिपके दिसले. मग त्यांचे दोरे झाले आणि ते कमरेतून खाली पाण्यात उतरले. व्यापारी आता तोंड फिरवीत नव्हता, उलट भिंग लावून बघत होता. हिरवा कोंब निघाला त्या दिवशी त्याने सगुणाबाईला झोपेतून उठवलं.

“काय झालं? चोर आले का?”

“नाही गं! कोंब आला!”

सगुणाबाईने कोंब पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि चहा टाकला. त्या दिवशी ट्रंकेत साडी पडली नाही. पण आतल्या साड्याही बाहेर आल्या नाहीत.

मार्गशीर्षात शहरातून एक नामांकित संग्राहक जांभळा पेला पाहण्यासाठी मुद्दाम आला. पेल्यावर डोलणारी कांद्याची पात पाहून तो आधी थक्क झाला आणि मग पोट धरून हसला. “अहो, पेल्याची माती केलीत! आता झुणका तरी कधी करताय?” असं म्हणत त्याने रेघ बघण्यासाठी कांदा उचलायला हात घातला.

“हात लावू नका!” व्यापारी ओरडला. “मुळं दुखावतील!”

ते शब्द ऐकून पाहुण्याने हात मागे घेतला आणि व्यापारी स्वतःच चपापला. पेला फुटेल असं आपण म्हणालो नाही, हे त्याचं त्यालाच कळलं. पाहुणा चहा न घेता गेला. स्वयंपाकघराच्या दारात सगुणाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

संक्रांत जवळ आली तेव्हा गुरुजी परतले. पेल्याचं पोट मुळांनी भरलं होतं, पातीमधून एक जाड दांडा वर आला होता आणि त्याच्या टोकाला कळीची गाठ धरली होती. काचेवर पांढरी रेघ स्पष्ट उमटली होती.

“गुरुजी, रेघ पडली,” व्यापारी म्हणाला. तक्रार होती की बातमी, ते त्याच्या आवाजावरून सांगता येईना.

गुरुजी म्हणाले, “ज्या कारागिराने ही कंबर केली, त्याने केवढा विचार केला असेल! वरचं बुडू नये आणि खालचं तहानू नये, एवढ्यासाठी त्याने तप्त काच चिमट्यात धरली. तू ती कंबर रोज पुसलीस, पण ती कशासाठी आहे हे तिला एकदाही दाखवून दिलं नाहीस. ही रेघ डाग नव्हे रे. इथे कोणी तरी पाणी प्यायलं, एवढंच ती सांगते. घरही असंच एक पात्र असतं. चार माणसं आली की हळद सांडते, चुन्याच्या भिंतीला हात लागतात. ज्या घरावर एकही रेघ नाही, ते जपलेलं घर नव्हे. तिथे अजून कोणी राहायला आलेलं नाही.”

व्यापाऱ्याने पेल्यावरच्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग उठला, आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. सगुणाबाई ट्रंकेशी बसली होती.

“यंदा वाण काय द्यायचं ठरवलंयस?” त्याने विचारलं.

“ताईने स्टीलच्या वाट्या आणून ठेवल्यात.”

“वाट्या ताईला असू देत. इथे हळदीकुंकू कर. वाण आपल्याकडे भिंतीवर आहे.”

सगुणाबाईने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने घाईघाईने ट्रंकेतली सर्वांत वरची काठापदराची साडी बाहेर काढली.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी त्या घरात गाव लोटलं. खिडक्या सताड उघड्या होत्या. पदर आले, पर्सा आल्या, पोरं तर आलीच. हळद सांडली, तीळ पायाखाली आले. प्रत्येकीला एक पेला आणि वर एक कांदा मिळाला. व्यापारी दारात उभा राहून प्रत्येकीला बजावत होता, “पाणी बुडाला टेकेल न टेकेल एवढंच ठेवायचं बरं का, वहिनी!” पोस्टमास्तरांच्या पत्नीने हिरवा पेला उचलला आणि म्हणाली, “बरं झालं, वरच्या कवळीला वेगळा हवाच होता.” व्यापाऱ्याच्या काळजात कळ आली. पण वाण दिल्यावर परत मागता येत नाही.

जांभळा पेला तेवढा खिडकीत राहिला. रथसप्तमीला त्यावर पांढऱ्या फुलांचा गोंडा उमलला. कांद्याचं फूल, वास म्हणाल तर बेताचाच. पण ते बघायला आळीतल्या बायका पुन्हा येऊन गेल्या.

त्यानंतर व्यापाऱ्याला एक नवी सवय लागली. सकाळी दुकान उघडण्याआधी तो गल्लीगल्लीतून फिरू लागला. कोणाच्या खिडकीत निळ्या पेल्यावर लसूण, कोणाच्या मधाळ पेल्यावर निशिगंधाचा कंद. पाणी कमी दिसलं की तो दार वाजवी. पोस्टमास्तरांच्या खिडकीत हिरव्या पेल्यावर पात डोलताना दिसली, तेव्हा तो रस्त्यातच उभा राहून हसला.

एका गुरुवारी प्रवचन संपल्यावर त्याने विचारलं, “गुरुजी, माझी आसक्ती सुटली म्हणायची का?”

“कसली सुटते?” गुरुजी म्हणाले. “पूर्वी ती चार भिंतींत मावत होती. आता साऱ्या गावाला पुरते. एवढी वाढली की लोक तिला दुसऱ्या नावाने ओळखतात.”

व्यापारी घरी आला. उघड्या खिडकीतून वारा येत होता. बैठकीच्या मधोमध त्याला जोराची शिंक आली, तसा तो सवयीने मागच्या अंगणाकडे पळायला वळला.

“अहो, द्या की तिथेच!” सगुणाबाई आतून म्हणाली. तिच्या आवाजामागून कुकरची शिट्टी झाली.