व्यासपीठाच्या फळ्या

“आणि ही फळी मोडली तर?” निरंजनगिरी महाराजांनी मान वर करून विचारलं.

नीळकंठ हसला. गुरूंच्या प्रश्नाला हसू नये, पण आज त्याला राहवलं नाही. मठाचं नवं कोठार त्यानं उभं केलं होतं. छपराला भिडणाऱ्या लोखंडी मांडण्या, वरच्या कप्प्यांत तांदळाच्या गोण्या, गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे. उद्या उत्सव. महाराज भर सभेत नवा कोठारी नेमणार आणि तो आपणच, याबद्दल नीळकंठाला तिळमात्र शंका नव्हती.

“मोडायची नाही, महाराज.”

“मांडणीवाला काय म्हणाला होता?”

“म्हणाला, प्रत्येक कप्प्यात पोलादी जाळी हवी. खालून आडव्या पट्ट्या, कडा नीट अडकवलेल्या. आणि कप्पा किती वजन पेलतो त्याची पाटी. नियमच आहे म्हणे.”

“मग?”

“जाळी परत पाठवली.” नीळकंठानं वरच्या फळ्यांकडे हात केला. “या फळ्या ओळखल्या नाहीत आपण? उत्सवाच्या व्यासपीठाच्या! इतकी वर्षं आपण यांवर बसून निरूपण केलंत. आपले चरण लागलेत यांना. यांना काय धाड भरलीय मोडायला?”

महाराजांनी आधी आपल्या काटकुळ्या पायांकडे पाहिलं, मग वरच्या गोण्यांकडे.

“आणि पाटी?”

“ती लावलीय की!” नीळकंठानं अभिमानानं बोट दाखवलं. झेंडूच्या माळेआड सोनेरी अक्षरं होती : ‘गुरुकृपा अपार’.

“अस्सं...”

सर्वांत खालचा कप्पा मोकळा होता. महाराजांनी खांद्यावरचा पंचा तिथं अंथरला आणि खुशाल आडवे झाले.

“महाराज, इथं नको.”

“का? गार आहे.”

“नको म्हणजे... वर माल आहे.”

“वर माझे चरण आहेत म्हणालास ना?” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

नीळकंठ तिथंच घुटमळला. हात जोडले, सोडले, पुन्हा जोडले. इतक्यात वर काहीतरी करकरलं आणि तांदळाचे चार दाणे महाराजांच्या पोटावर पडले.

पुढं काय झालं ते नीळकंठाला धड आठवत नाही. ज्या पायांवर तो रोज पहाटे डोकं ठेवायचा, तेच त्यानं घोट्याशी धरले आणि गुरूंना पोत्यासारखं फरफटत थेट अंगणात आणलं. पंचा मागं राहिला. धोतराचा सोगा सुटला. देवळाकडं निघालेल्या दोन बाया तोंडात पदर धरून थबकल्या.

महाराज उठून बसले. दाढीतली धूळ झटकली.

“उद्या त्या कोठारात पंगत कुणाची?”

“उन्हाचं म्हणून... बायाबापड्यांची. पोराबाळांची.”

“त्यांचे पाय कोण ओढणार?”

नीळकंठ भर अंगणात रडला. लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. मग डोळे पुसून त्यानं स्वयंपाकघरातली माणसं बोलावली. गोण्या खाली येऊ लागल्या. कोठाराला कुलूप लागलं, पंगत चिंचेखाली घ्यायची ठरली. मांडणीवाल्याला फोन करून नीळकंठानं त्याचं सगळं बोलणं मुकाट्यानं ऐकून घेतलं.

दिवेलागणीला तो धुळीनं माखलेला महाराजांपुढं येऊन उभा राहिला.

“महाराज, माझी श्रद्धा कच्ची निघाली. फळी करकरली आणि मी घाबरलो. कोठारी दुसरा कुणी नेमा.”

“नेमला.”

“कोण?”

“ज्यानं मला ओढून काढलं, तो. जाळी परत पाठवणारा तू आपला भजनाला बस.”