शेपटीची मंजुरी

एक जंगल होतं. तिथं आता झाडं फारशी उरली नव्हती, पण वेशीवरच्या फलकावर तसं लिहिलेलं होतं, म्हणून जंगल म्हणायचं. राजा तरस होता, आणि चांगला निवडून आलेला होता. तरसाचा चेहराच असा, की हसतोय की दात दाखवतोय ते कळत नाही. प्रजेनं ते हसणं आहे असं धरून मत दिलं होतं.

गादीवर बसल्या बसल्या महाराजांनी सभा घेतली.

"बंधूंनो आणि भगिनींनो! यापुढं माझ्या राज्यात उपचाराला कडबा नाही म्हणून कुणी मरणार नाही! दवाखाना आमचा, औषध आमचं, आजार तेवढा तुमचा!"

ज्यांना हात होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना नव्हते त्यांनी खूर आपटले. मग घरटी एकेक हिरवं कार्ड आलं. त्यावर महाराजांचा फोटो मोठा होता आणि आजाऱ्याचं नाव बारीक.

दवाखाना बांधायला दगड गाढवांनी वाहिले. त्यात भिवा नावाचं एक गाढव होतं. कामाला वाघ आणि बोलायला अगदी गरीब. उद्घाटनाच्या दिवशी महाराजांच्या नावाची कोनशिला त्याच्या पाठीवरून घसरली आणि त्याच्या मागच्या डाव्या पायावर पडली. कोनशिलेला चरा गेला नाही, त्यामुळे कार्यक्रम वेळेवर पार पडला.

भिवाची बायको तानू. तिनं त्याला कसंबसं घोरपडबाईकडं नेलं. घोरपडबाई पिढीजात पाला लावणारी. बाभळीखाली बसायची, कुणी काही दिलं तर घ्यायची. तिनं पाय हुंगला, दाबला आणि मान हलवली.

"तानू, आत हाड फुटलंय. माझ्या पाल्याचं काम नाही हे. आठ दिवसांत चिरून साफ केलं तर पाय राहील. नाहीतर तो मलाच काढावा लागेल, आणि ते काम मला आवडत नाही."

"एवढंच ना?" तानू म्हणाली. "आमच्याकडं कार्ड आहे."

दवाखाना खरंच देखणा होता. भिवा दारात थबकला आणि म्हणाला, "हा खालचा काळा दगड माझा." तानू म्हणाली, "हो, पण आता आत चला."

काउंटरवर कोल्हा होता. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत.

"कार्ड?"

"आहे."

"रहिवासी दाखला?"

"आहे."

"गाढव असल्याचा दाखला?"

"अहो भाऊसाहेब, गाढवच समोर उभंय की!"

"समोर कोण उभंय ते आम्ही बघत नसतो, बाई. कागदावर कोण उभंय ते बघतो."

तोही दाखला निघाला. बाईमाणूस दवाखान्यात जाताना एक पिशवी घेऊन जातं, त्यात सगळं असतं. भाऊसाहेबांनी जरा नाराजीनंच एक मशीन पुढं सरकवलं. "अंगठा ठेवा."

भिवानं तानूकडं बघितलं. तानूनं भिवाच्या पायांकडं बघितलं.

"आम्हाला खूर आहेत, भाऊसाहेब."

"मशीनला खूर कळत नाही."

मशीन माकडांच्या सोसायटीनं पुरवलं होतं. त्यांनी ते स्वतःच्या अंगठ्यावर चालवून पाहिलं, चाललं, आणि बिल लावलं.

"मग खूरवाल्यांनी काय करायचं?"

"अर्ज करायचा."

"आणि अर्जावर?"

"अर्जावर अंगठा." भाऊसाहेब जांभई देत म्हणाले, "नाहीतर रोख भरा. दोनशे पेंढ्या कडबा, अनामत."

तानूच्या घरी पंचावन्न पेंढ्या होत्या. त्या उन्हाळ्याच्या होत्या.

दोघं बाहेर आली. फाटकाजवळ पिंपळाखाली माकडं ओळीनं बसली होती. त्यातला झिपऱ्या उठून पुढं आला.

"काय काकू, खूर का?"

"खूर."

"काळजीच सोडा. एका अंगठ्याच्या चाळीस पेंढ्या. पावती मिळणार नाही, पण वागणूक चांगली मिळेल."

"कार्ड फुकट, दवाखाना फुकट. मग तू रे कशाचे घेतोस?"

"फुकटापर्यंत पोचवायचे घेतो, काकू."

चाळीस पेंढ्या गेल्या. झिपऱ्यानं ऐटीत अंगठा टेकवला, मशीन आनंदानं किंचाळलं, आणि आतून कागद आला. रुग्णाचं नाव: झिपऱ्या माकड.

"आता माकडांच्या यादीतलाच आजार घ्यावा लागेल," भाऊसाहेब म्हणाले. "शेपूट मोडणं आहे, झाडावरून पडणं आहे, केस गळणं आहे. पाय नाही. शेपूट घ्या बाई, शेपटीला मंजुरी लवकर येते."

तानूनं विचार केला, एकदा आत तर जाऊ. डॉक्टरला डोळे असतीलच. आपल्याकडची सगळी माणसं हाच विचार करतात, आणि तानू तर गाढवीण होती.

लवकर येणारी मंजुरी चौथ्या दिवशी आली. डॉक्टर बगळे पांढरेशुभ्र, एका पायावर उभे राहून दिवसाला दोनशे रुग्ण तपासायचे. त्यांनी कागद वाचला, भिवाच्या मागं गेले आणि त्याच्या धडधाकट शेपटीला बुडापासून गोंड्यापर्यंत प्लास्टर घातलं.

"अहो डॉक्टरसाहेब! शेपूट चांगलंय त्यांचं! पाय बघा, पाय!"

"पाय दिसतोय मला. मी काय आंधळा आहे?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "पण त्याला हात लावला तर माझ्या पगारातून कापतील. मंजुरी शेपटीची आहे, बाई."

"मग पायाचं काय?"

"नवीन प्रकरण. नवीन अंगठा."

तानूकडं पंधरा पेंढ्या उरल्या होत्या. पिंपळाखाली जाऊन तिनं घासाघीस केली. झिपऱ्या म्हणाला, "काकू, पंधरात करंगळी येते."

जखम चिघळली तशा माश्या आल्या. गाढवाला देवानं शेपूट दिलंय ते माश्या हाकलायला. भिवाचं शेपूट प्लास्टरात ताठ उभं होतं, निवडणुकीच्या झेंड्यासारखं. मग तानू वॉर्डातच त्याच्या डाव्या अंगाला खेटून उभी राहिली आणि आपल्या शेपटीनं त्याच्या पायावरच्या माश्या वारू लागली. बसली नाही. तीन दिवस.

"तानू, दमलीस गं."

"गप्प उभे राहा. बोललात की हलता, हललात की माश्या बसतात."

"इतकी वर्षं शेपूट कधी दुखलं नव्हतं. आता दुखायला लागलंय."

"दुखू दे. त्याला मंजुरी आहे."

दोघंही हसली. त्या वॉर्डात त्याआधी कुणी हसल्याचं ऐकिवात नव्हतं.

सातव्या दिवशी महाराज दवाखाना बघायला आले. मागं पोपटांचा थवा होता. महाराज काय बोलतील ते गावभर जसंच्या तसं सांगायचं, एवढंच पोपटांचं काम. महाराजांनी अहवाल वाचला.

"या आठवड्यात इथं चौदाशे रुग्ण बरे झाले. सगळी माकडं! गाढवं, शेळ्या, म्हशी, हरणं यांची रुग्णसंख्या किती? शून्य! आधीच्या राजांच्या काळात गाढवं आजारी पडत होती की नाही? आम्ही आलो, आणि गाढवांचे आजारच संपले!"

"आजारच संपले! आजारच संपले!" पोपट म्हणाले.

तानू पुढं झाली.

"महाराज, हे बघा गाढव. हा बघा त्याचा पाय. तुमच्याच नावाचा दगड पडलाय त्याच्यावर. उद्या आठवा दिवस. उद्यापर्यंत चिरला नाही तर पाय जाईल."

महाराजांनी भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेबांनी कागद दाखवला.

"हा तर झिपऱ्या माकड."

"महाराज, कान तरी बघा यांचे!"

महाराजांनी कान बघितले. बराच वेळ बघितले. मग पोपटांकडं वळून म्हणाले, "आमच्या राज्यात माकडांची प्रकृती किती सुधारलीय! कान बघा, कसे वाढलेत!"

"कान वाढलेत! कान वाढलेत!"

त्याच दिवशी फर्मान निघालं. गाढवं आता आजारी पडत नसल्यामुळे त्यांची कार्डं रद्द. माकडांच्या शेपट्यांसाठी नवीन मजला मंजूर. त्याचे दगड गाढवांनी वाहावेत, आणि तब्येत सुधारल्यामुळे प्रत्येकी एक दगड जास्त.

आठवा दिवस गेला. नवव्या दिवशी घोरपडबाईनं बाभळीखाली पाय काढला. तिच्याकडं मशीन नव्हतं, त्यामुळे वेळ लागला नाही. भिवा ओरडला नाही. तानूनं त्याच्या मानेवर मान टाकली होती आणि ती त्याला सांगत होती, की या उन्हाळ्यात नदीकाठी हिरवं गवत येईल, मग कडब्याचं एवढं काय. नदी आटून दोन वर्षं झाली होती. दोघांनाही ठाऊक होतं.

तानूनं अपंगाच्या भत्त्यासाठी अर्ज केला. नोंदीप्रमाणे भिवा गाढवाचे चारही पाय शाबूत होते. झिपऱ्याला मात्र शेपटीचा भत्ता सुरू झाला. तो भत्ता तो शेपटीनंच फांदीला लोंबकळत खायचा.

पुढं निवडणूक आली. मतदानाच्या दिवशी सकाळी सकाळी तानूच्या दारात गाडी उभी राहिली. गादी घातलेली, दोन बैल जुंपलेली. दवाखान्यात जायला तिनं चार वेळा मागितली होती, तीच ही गाडी. भाऊसाहेब स्वतः खाली उतरले.

"चला भिवाशेठ! सावकाश, सावकाश. अरे, धरा रे त्यांना, पाय नाही एक, दिसत नाही का?"

म्हणजे दिसत होतं.

मतदानाच्या टेबलापाशी आल्यावर तानू सवयीनं थांबली. पिशवी उघडून म्हणाली, "भाऊसाहेब, अंगठा लागेल ना? आमच्याकडं कडबा नाही आता."

भाऊसाहेब इतके गोड हसले, की क्षणभर तेही तरसासारखे दिसले.

"काय हे मावशी! मताला कसला अंगठा? इथं खूर चालतो."

भिवानं खूर उमटवला. स्वच्छ उमटला. नोंद गाढवाच्या नावानंच झाली.

बाहेर आली तर गाडी नव्हती. ती फक्त आणायची होती, सोडायची नव्हती. मग तानूनं त्याला अंगावर रेलून घेतलं आणि दोघं सात पायांवर घराकडं निघाली.