जमीन नसलेली सतार

"आता आणखी काय पुसू, मास्तर?"

वैजयंतीनं चित्राचा फळा पडवीच्या खांबाला लावून उभा केला. हा एकच प्रश्न घेऊन ती मुंबईहून वेंगुर्ल्याला आली होती.

कोळशानं काढलेली सतार होती. गेल्या साली वारलेल्या आईची. भोपळा एकाच वेळी वरूनही दिसत होता आणि बाजूनंही. दांडी तुकड्यातुकड्यांत मोडून तिरकी मांडलेली. तारा नव्हत्याच.

"आधी रंग काढून टाकला. मग छाया. मग तारा. प्रदर्शनात लोक हिच्यासमोरून हलत नव्हते, मास्तर. पण मला ती पुरी झालीय असं वाटतच नाही... पुन्हा पुन्हा हीच काढतेय."

चिंदरकर मास्तरांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला. तिच्या हातात पहिला कोळसा त्यांनीच दिला होता. आता मान वर करणंही त्यांना जड जात होतं.

"ही ठेवलीय कुठं?"

"कुठंच नाही. मुद्दामच जमीन दिली नाही. जमीन आली की ती चारचौघांच्या घरातली सतार होते." तिच्या स्वरात ठसका होता.

"आणि आईची खरी सतार? ती कुठं ठेवलीस?"

वैजयंतीनं फळा उगाच सरळ केला.

"...कधी खाटेवर. कधी कपाटावर. कुठंही ठेवली तरी बघवत नाही. मग उचलते, दुसऱ्या खोलीत नेते."

"हं..."

मास्तरांनी हात पुढं केला.

"कोळसा दे."

तिनं दिला. ते पुढं सरकले, आणि म्हाताऱ्या हातानं त्यांनी भोपळ्याखालून एक आडवी रेघ ओढली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. वाकडीतिकडी.

"मास्तर! काय केलंत हे!"

खोडरबर घेऊन ती धावली... आणि थबकली.

भोपळा खाली बसला होता. मोडकी दांडी कलंडली होती. खूप वेळ वाजवून कुणीतरी नुकतीच सतार बाजूला ठेवावी, तशी ती दिसत होती.

वैजयंतीला आत्ता कुठं जाणवलं, तिचे खांदे ठणकत होते. किती दिवसांपासून, कोण जाणे.

"ही रेघ... पुसू का?" तिनं हळूच विचारलं.

मास्तरांनी सतरंजीवर सरकून जागा केली.

"ते मागाहून बघू. तू जरा टेक."