नगराध्यक्षांची ट्राम

चांदेवाडी उपनगरात लाइट रेल आणावी, ट्राम आणावी की बससाठी वेगळी मार्गिका करावी, हे ठरवायला सभा भरली होती. नगराध्यक्ष भालचंद्ररावांनी परदेशात ट्राम पाहिलेली, त्यामुळे माइकसमोर उभे राहून तासभर ते तिचेच गुणगान करत राहिले. बोलायला आलेले रहिवासी त्यांच्यामागे रांगेत ताटकळले. रांगेत सर्वांत पुढे असलेल्या, बसचा आग्रह धरणाऱ्या दमयंती खोतांना धाकधूक वाटू लागली, की न बोलताच सभा संपायची.

अखेर भालचंद्ररावांनीच त्यांना विचारले, "काय हो बाई, ट्राममध्ये खोट ती काय?"

दमयंतीबाईंनी आपल्यामागे ताटकळलेल्या रांगेकडे हात केला. "हीच, साहेब! पुढची थांबली, की मागच्या सगळ्या खोळंबतात. बस बाजूने निघून जाते."

सभागृहात हशा पिकला. भालचंद्ररावही हसले आणि माइकपासून सरकत म्हणाले, "काढा बाई, तुमची बस काढा!"