रंगाऱ्याची घाई

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या नगरात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. नगर घाटमाथ्यावर होतं आणि तिथला वारा मोठा दांडगा. म्हणून राजानं एक नेम घालून दिला होता. जो सुतार थोरल्या सुताराच्या हाताखाली सात वर्षं शिकेल आणि परीक्षेला उतरेल, त्यालाच तांब्याचा बिल्ला मिळायचा. घराची दारं-खिडक्या बिल्लेवाल्याकडूनच बसवून घ्याव्यात, असा तो नेम. पण त्यावर पहारा नव्हता. ज्याचं घर, त्याची काळजी.

त्या नगरात कापडं रंगवणारा एक रंगारी राहत होता. त्याची एकुलती एक लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. मागच्या खोलीच्या खिडकीची झडपं वाळवीनं खाल्ली होती, फटींतून वारा शिरत होता. रंगाऱ्यानं ठरवलं, लेक यायच्या आत खिडकी बदलायची, आणि चांगली मोठी करायची. लहानपणी सगुणा टाचा उंचावून त्या खिडकीतून डोंगर बघायची. आता तिला तो पडल्या पडल्या दिसला पाहिजे.

थोरला सुतार आला. त्यानं भिंत ठोकून पाहिली, मातीचा चुरा बोटांवर घेऊन पाहिला. म्हणाला, "भिंत थकली आहे, रंगारीबुवा. खिडकी मोठी करायची तर आधी भिंतीला टेकू द्यावे लागतील. वरची तुळई बदलावी लागेल. लाकूडही अजून ओलं आहे. दीड महिना धरा."

सगुणा तर तीन आठवड्यांत यायची होती.

त्याच आठवड्याच्या बाजारात रंगाऱ्याला एक फिरस्ता कारागीर भेटला. बोलायला गोड, हातात नक्षी सुरेख. चार दिवसांत खिडकी उभी करतो म्हणाला. रंगाऱ्यानं बिल्ल्याचं विचारलं, तेव्हा तो हसला. "बिल्ल्यानं का खिडकी उभी राहते, मालक? ती लाकडानं राहते." रंगाऱ्याला ते पटलं. खरं म्हणजे त्याला ते पटवूनच घ्यायचं होतं.

त्याच्या बायकोला मात्र पटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही निळीच्या रांजणात परक्याला बोट बुडवू देत नाही. मग भिंतीला हात कसा लावू देता?"

तरी रंगाऱ्यानं काम फिरस्त्यालाच दिलं. चौथ्या दिवशी खिडकी उभी राहिली. चौकटीवर वेल कोरलेली, झडपं मोरपंखी रंगाची. फिरस्ता आपल्या वाटेनं निघून गेला.

सगुणा आली. खिडकी पाहून तिनं वडिलांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पुढे तिला मुलगी झाली. खिडकीखालीच बाज टाकली होती. दिवसभर मायलेकी उजेडात असायच्या, आणि रंगारी काम टाकून दर घटकेला डोकावून जायचा.

बाळ अकरा दिवसांचं होतं. दुसऱ्या दिवशी बारसं. भर दुपारी वळवाचं वादळ उठलं. रंगारी अंगणात वाळत घातलेली कापडं गोळा करत होता. तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला आणि दारातून मातीचा लोट बाहेर पडला. चौकट आत कोसळली होती आणि तिच्यामागून वरची भिंत.

शेजाऱ्यांनी हातांनी माती उपसली. सगुणा बाळावर पालथी पडली होती. बाळ तिच्या छातीखाली रडत होतं. सगुणा उठली नाही.

दहावं झाल्यावर थोरला सुतार घरी आला. त्यानं भगदाडात हात घालून पाहिलं. चौकट भिंतीत वीतभर रुतवायला हवी होती; ती चार खिळ्यांवर आणि ओल्या मातीवर तोलून धरलेली होती. तुळई जुनीच होती, आणि नव्या रुंदीला ती पुरत नव्हती. नक्षी तेवढी शाबूत होती.

"मी थांबलो असतो तर?" रंगाऱ्यानं विचारलं.

सुतार हळू आवाजात म्हणाला, "तर लेक जुन्या खिडकीशी निजली असती. तिथं एक घोंगडी टांगली असती, तरी महिनाभर भागलं असतं."

जावई आला आणि बाळाला घेऊन गेला. सासऱ्याला तो एका शब्दानंही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं रंगाऱ्याला जन्मभर वाटत राहिलं.

दरवर्षी तो घाट उतरून नातीला भेटायला जायचा. आई कशी हसायची, काय खायची, सगळं तिला सांगायचा. एक गोष्ट सोडून. नात मोठी झाली तेव्हा तिनंच विचारलं, "आजोबा, आई गेली कशानं?"

लोक वादळाचं नाव घेत. रंगाऱ्यानं ते घेतलं नाही. "माझ्या घाईनं," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

नात उठून आत गेली, तांब्याभर पाणी आणलं आणि त्याच्यापुढे ठेवून शेजारी बसली.

म्हणून जाणती माणसं सांगतात: ज्या कामावर घरच्यांचा जीव विसंबून असतो, ते काम पारखलेल्या हातांकडेच द्यावं, मग त्यासाठी कितीही थांबावं लागलं तरी.